गोंदणारी आणि आक्काचा हात

आमच्या गोंदणारीनं आयुष्यात कुणाचं ऐकल्याचं मला तरी ठाऊक नाही. अजिंठ्याच्या डोंगराकडच्या भिल्लांतली ती. सुगी आटोपली की हसनाबादेत यायची, आमच्या ओसरीवर ठाण मांडायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायला सुरुवात करायची. कुणी नाग मागितला की ती त्याचा दंड चाचपायची. ‘ह्या काडीवर नाग बसंल का? विंचू काढते.’ आणि विंचूच काढायची. गावातल्या एका पैलवानाला दंडावर मारुती हवा होता. पहिल्याच टोचणीला तो ओरडला, तशी तिनं शेपटीवरच काम थांबवलं. ‘बाकीचा मारुती पुढल्या साली. हिंमत घिऊन ये.’ तो बिचारा वर्षभर दंडावर नुसती शेपटी घेऊन तालमीत जात होता. तिच्या स्वतःच्या डोळ्यांच्या कडांना आणि कपाळावर हिरवे ठिपके होते. माझ्या आईनं एकदा तसेच मागितले, तेव्हा मात्र ती भांडली नाही. हळूच म्हणाली, ‘ह्ये आमचं हाये बाई. आमच्या गेलेल्या माणसांनी आमाला वळखावं म्हणून. तुमाला ह्ये गोंदलं तर तुमची माणसं कशी वळखतील?’

एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, ते कसल्याशा पाल्याच्या रसात घोटायचं, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया त्यात बुडवायच्या आणि टोचायचं, एवढंच तिचं सामान. पण टोचून झाल्यावर खरी ती सुरू व्हायची. हळद-तेल चोपडताना प्रत्येकीला दरडावायची. ‘खपली आपसूक पडंपस्तोर पाणी न्हाई, राख न्हाई, बांगडी न्हाई. खाजवायचं तर बिलकुल न्हाई. खाज सुटली तर दुसऱ्याचा हात खाजव.’ आणि दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून हात तपासायची. एका म्हातारीनं दार लावून घेतलं, तर हिनं खिडकीतून हात बाहेर काढायला लावला.

माझी आक्का वाटूरला दिलेली. तिनं नांदायला जायची वेळ आली आणि सासूचा निरोप आला, ‘सून गोंदून पाठवा, कोऱ्या हाताची सून आमच्यात चालत न्हाई.’ निजामी अंमलाचं ते शेवटचं वर्ष. त्या दिवसांत रस्त्यानं कोण अडवील, बैल कोण सोडून नेईल, याचा नेम नव्हता. त्यामुळं गोंदणारी येते की नाही, अशी आईला धास्ती होती. ती आली. आक्काच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तिनं वेल काढला. आक्का हूं की चूं न करता बसली, म्हणून खुशीत येऊन तिनं वर एक मोर फुकट बसवला.

दोन-चार दिवसांत हात लाल झाला. मग सुजला. बोटं मिटेनात आणि आक्काला सणसणून ताप भरला. गोंदणारी तोवर पुढच्या गावाला गेली होती. निरोप मिळताच ती तशीच परत आली, आल्या आल्या हात उजेडाकडे धरून तिनं बराच वेळ पाहिला आणि एक शब्द बोलली नाही. तिला गप्प पाहून आम्ही सगळेच घाबरलो. ती लिंबाच्या पाल्याचं पाणी करून हात शेकत राहिली. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मुळातच तापट. ओसरीवर येऊन ते कडाडले, ‘पोरीच्या हाताला काही झालं ना, तर तुला गावाच्या शिवंत पाय ठेवू देणार न्हाई!’

‘नका ठिवू देऊ,’ ती पाण्याकडे बघतच म्हणाली. ‘पर आधी छकडा जुंपा. मह्या पाल्यानं ह्ये उतरू न्हाई राह्यलं. जालन्याच्या दवाखान्यात न्या. म्या बी येते.’

जालन्याच्या रस्त्याचं नाव काढताच शेजारीपाजारी एकेक करून उठून गेले. शेवटी दादांनी स्वतःच बैल जुंपले. मला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण आक्कानं माझा हात सोडला नाही, म्हणून मलाही बसवलं. छकड्यात गोंदणारीनं आक्काचा हात आपल्या खांद्यावर उभा धरला. चाक दगडावर चढलं की ती आपलं अंग पुढं करून धक्का स्वतः घ्यायची आणि दादांना ओरडायची, ‘गाडी हाकू राह्यले का धान मळू राह्यले?’ दादा, ज्यांच्यापुढं घरात कुणी आवाज चढवत नसे, मुकाट्यानं बैल आवरायचे.

एका ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं, आणि नेमके तिथंच झाडीतून भाले घेतलेले चौघे-पाचजण पुढं आले. त्यांच्यातल्या दांडग्यानं बैलाच्या शिंगाला हात घातला आणि विचारलं, ‘किधर?’

आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत गोंदणारी त्याच्यावर खेकसली. ‘किधर काय? पोर मरू राह्यली दिसत न्हाई? तुला आईबहीण हाये का न्हाई? ठिव तो भाला आन् चाकाला खांदा लाव. जल्दी!’

त्या माणसानं आत वाकून आक्काच्या हाताकडे पाहिलं, काळानिळा पडलेला, फुगलेला. मग त्यानं भाला वाळूत रोवला आणि चाकाला खांदा लावला. बाकीचेही आले. गाडी वर निघाली तेव्हा ती त्यांना म्हणाली, ‘बराबर.’ एवढंच.

दिवस कलल्यावर आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. आणखी उशीर झाला असता तर हात काढावा लागला असता, असं ते म्हणाले आणि रागानं वळून त्यांनी विचारलं, ‘हे कुणी केलं?’

‘म्या,’ ती म्हणाली. डॉक्टर बोलत राहिले आणि मान खाली घालून तिनं सगळं ऐकून घेतलं. सुया उकळून घेत जा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मात्र न राहवून तिनं विचारलंच, ‘किती येळ?’

ताप उतरेपर्यंत आम्ही जालन्यात होतो. परतताना, दादा बैलांना पाणी पाजायला गेले असताना, आक्का हळूच बोलली. ‘मावशे, तुही चूक न्हवती. मोर उठून दिसावा म्हणून म्या दुसऱ्याच दिवशी हात राखेनं घासला व्हता.’

‘ठावं हाये. खपलीत राख व्हती.’

‘मंग दादाला का सांगितलं न्हाईस?’

‘तापात पडलेल्या पोरीचं गाऱ्हाणं सांगायचं व्हय?’ ती आक्काच्या अंगावरची चादर नीट करत म्हणाली. ‘आन् वाटूरपस्तोर ती गोष्ट गेली असती. सासूनं जलमभर तेच उगाळलं असतं.’

दादांना आक्कानं पुढं कधीतरी खरं सांगितलं. आक्का वाटूरला गेली, नांदली, तिची लेकरं झाली. चिऱ्याच्या खुणेनं वेल मध्येच तुटला होता, पण मोर शाबूत राहिला.

पण जालन्याहून परतल्यावर दादांनी एक ठरवलंच, धाकटीच्या, म्हणजे माझ्या, अंगाला सुई लावायची नाही. पुढच्या सुगीला गोंदणारी आली तेव्हा अंमल बदलला होता, रस्ते मोकळे झाले होते. ती बरीच थकली होती. तिनं माझा हात हातात घेऊन फिरवून पाहिला आणि दादांकडे पाहिलं. दादांनी मान हलवली. याही वेळी ती भांडली नाही. तिनं काडीला कापूस गुंडाळला, काजळात बुडवला आणि सुईशिवाय, नुसत्या काडीनं, माझ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अख्खा वेल काढला. एकेक पान सावकाश. मग वर हळद-तेल चोपडलं आणि डोळे वटारून म्हणाली, ‘खपली पडंपस्तोर पाणी न्हाई. ऐकलं का?’

दादा बैठकीतून बघत होते.

त्यानंतर ती हसनाबादेला आली नाही. मी मात्र त्या हाताला पाणी लागू दिलं नाही. आई आंघोळीला ओढायची तेव्हा हात वर धरून बसायची. वेल तरीही दिवसागणिक पुसट होत गेला. शेवटी कोपराजवळचं एक पान तेवढं उरलं होतं आणि ते कधी गेलं, ते मला समजलंच नाही.