बाळाराम दारापर्यंत पोचला नाही

बाळाराम पुन्हा हवेत उडाला, गादीवर आपटला आणि आमच्या डायरेक्टर साहेबांनी कपाळाला हात लावला. "हसतील पोरं. पुन्हा हसतील," ते म्हणाले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. पनवेलच्या एका बंद भातगिरणीत मुलांसाठी सुपरहिरॉईनच्या सीरियलचं शूटिंग चाललं होतं. पहिला भाग चॅनलने परत पाठवला होता. हिरॉईनमध्ये ताकदच दिसत नाही, एवढंच म्हणणं. फाइट सुधारली नाही तर सीरियल बंद, आम्ही सगळे घरी.

मी हिरॉईनची डुप्लिकेट. धोक्याच्या शॉटमध्ये तिचे कपडे आणि मुखवटा घालून तिच्या जागी उभी राहणारी. पण माझ्या वाट्याला नुसतं पळणं आणि उड्या. मारामारीला फाइट मास्तर उस्मानभाई विग घातलेला पुरुष उभा करायचे. तेव्हा तीच रीत होती. बाईने मारायचं, तेही पुरुषाच्या हाताने! माझं डोकं फिरायचं. शाळेपासून मी कबड्डीत कोपऱ्याला खेळलेली. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा, हे माझं काम.

शेवटी मी बोललेच. "उस्मानभाई, बाळारामला हिरॉईन नाही उडवत, वायर उडवते. बघणाऱ्याला ते कळतं." फायटरच्या कमरेला बारीक तार बांधून मागून माणसं ओढतात, तिला आम्ही वायर म्हणतो.

"तो फिर क्या करें, बेटा?"

"वायर काढा. बाळाराम दाराकडे पळेल, मी त्याचा घोटा धरीन. त्याने सुटायची धडपड करायची, बस्स."

बाळाराम जवळच्याच ओवे गावचा. दांडगा गडी, मार खाण्यात एक नंबर. तो मात्र कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "मी उडतो, पडतो, सांगाल तितक्यांदा. पन बाईनं धरला नि सुटलो नाय, ह्ये नाय जमनार. आमच्या गावात टीवी हाय."

"रोज तिच्या एका बोटाने छपराला लागतोस, ते चालतं?"

"ती जादू हाय, ताई. जादूपुडं कोनाचं काय चालतं?"

मी पेटलेच. "मग खरंच सूट. ॲक्टिंग करू नकोस. दाराची कडी तुझ्या हाताला लागली तर मी काम सोडते, विग खुशाल वापरा."

डायरेक्टर साहेब घाबरले. "अहो, आणि शॉट?"

"कॅमेरा बंद करू नका, म्हणजे झालं."

बाळाराम हसला. "लागंल तुमाला."

लागलंच. तो दाराकडे सुटला, मी झेप घेऊन घोटा धरला आणि त्याने मला जमिनीवरच्या कोंड्यातून फरफटत नेलं. दुसऱ्या पायाने झटके दिले. कोपर सोलवटलं. हात सुटला तर नोकरी गेली, एवढंच डोक्यात. पायाची टाच एका खांबाला अडकवली आणि दात आवळून पडून राहिले. बाळारामचं हसू कधीच गेलं होतं. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं, बोटं कडीच्या जरा अलीकडे हवेत वळवळत होती. मग तो धापा टाकत खाली बसला.

उस्मानभाई पुटपुटले, "माशाअल्ला." त्या दिवसापासून फाइट माझ्याकडे आली.

भाग जोडून झाल्यावर गिरणीतच टीव्ही लावून सगळ्यांना दाखवला. माझी पकड आली आणि माझ्या हातातून निळा उजेड निघाला! "शक्ती कुठून आली ते कळायला नको?" साहेब म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

माझ्याआधी बाळाराम उठला. "ह्यो उजेड काडा, सायेब. मी कोंडा खाल्ला, अंगातला जीव काडला, नि तुमी दाखवता जादूनं अडकलो? ताईनं धरला व्हता मला."

"अरे, तुझ्या गावात टीव्ही आहे ना?"

"म्हनूनच सांगतो."

उजेड काढला. भाग पास झाला, सीरियल चालली. पुढे इतर ठिकाणीही फाइट केल्या, तेव्हा एकच बघत आले. हिरॉईनची ताकद तिच्या हातात शोधू नये, ती समोरच्याच्या तोंडावर दिसते. जादूपुढे हरायची कुणालाच लाज वाटत नाही, म्हणून जादू तिला लगेच देतात. पकड मात्र भांडून घ्यावी लागते.