बाईंनी न उचललेला भंडारा

मी बी. ए. झालो तो आमच्या इंग्रजीच्या बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. साताऱ्याला चुलत्याकडे राहून हायस्कुलात जाऊ लागलो तेव्हा साधं इंग्रजी वाक्य वाचताना मला घाम फुटायचा. बाई वसईकडच्या, कॅथलिक. नवरा वारलेला, पदरी एक लहान मुलगी. सकाळी मुलीला घेऊन त्या कॅम्पातल्या चर्चला जात, दिवसभर शिकवत आणि संध्याकाळी मला घरी बोलावून भाषांतर करून घेत. त्याचे पैसे घेत नसत. संशयाला तेवढं पुरे होतं.

आमच्या गावचा एक दुकानदार माल घ्यायला साताऱ्याला आला होता. त्याने मला बाईंच्या ओट्यावर पाव खाताना पाहिलं. सुट्टीत मी कडेगावजवळच्या आमच्या गावी गेलो, त्याआधीच ही बातमी तिथं पोचली होती. आईनं गळ्यात काही दोरा आहे का ते चाचपून पाहिलं. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत राहिलेले. पाद्री त्यांनी पाहिले होते. जेवायला बसलो की मी ताटापुढे हात जोडतो का, नि कसे जोडतो, एवढंच ते बघत राहायचे.

मग एके दिवशी न कळवता ते बाईंच्या दारात येऊन बसले. आत येणार नाही म्हणाले. पाणीही नको म्हणाले. दिवेलागणीला बाईंनी नेहमीप्रमाणे मला ओट्यावर शब्द पाठ करायला पाठवलं, दार लोटलं आणि मायलेकी प्रार्थनेला बसल्या.

"तुला भायेर का घालवती रं?" आबांनी विचारलं.

"रोजच घालवतात."

"आन दार का लावती?"

तोवर मी तसा विचारच केला नव्हता. आता मलाही ते लोटलेलं दार वेगळं दिसू लागलं.

बाई बाहेर आल्यावर आबांनी कनवटीची पुडी सोडली. आत बेलाचं पान आणि पालीच्या खंडोबाचा भंडारा होता. आमच्याकडे तो हातात घेऊन कोणी खोटं बोलत नाही.

"आवं बाई, ह्यो उचला आन म्हणा, पोराला बाटवणार न्हाई. मग आमची काय तक्रार न्हाई."

बाईंनी हात पुढे केला नाही.

"मला नाही उचलता येणार. दुसऱ्या देवाची शपथ आम्हाला चालत नाही. मी साधा शब्द देते. मुलाला इंग्रजी शिकवीन, दुसरं काही नाही."

आबा उठले. चुलत्याकडे नेऊन मला वळकटी बांधायला सांगितली. मॅट्रिकची परीक्षा त्याच वर्षी होती. ती चुकली की जन्मभर उसाला पाणी पाजायचं, हे मला समजत होतं. मोटार स्टँडवर गाडी लागली तरी आबा चढेनात.

"बाटवायचं असतं तर तिनं झटक्यात उचलला असता," ते शेवटी म्हणाले. "आपला द्येव तिला काय करणार हुता?" मग पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "तरी बी नजर ठेव." आणि एकटेच गेले.

पुढेही गावचं कोणी ना कोणी साताऱ्याला आलं की माझा गळा बघून जाई. मी मॅट्रिक झालो, सांगलीच्या कॉलेजात गेलो. पदवीचा निकाल लागला त्याच आठवड्यात बाईंना पत्र टाकलं:

"ती. बाई यांस नमस्कार.

पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. आबांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, बाईंना कळवलंस का.

एक विनंती आहे. धाकट्या बहिणीची मराठी चौथी झाली. तिला पुढे शिकवायला आईची तयारी नाही. आबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच; तुमच्या घरी कोण पुरुषमाणूस येतं-जातं, हे परवाच त्यांनी मला खोदून विचारलं. पण पोरगी साताऱ्यात राहील कुठं, असं मी म्हटलं तेव्हा तिथली दोन चुलत्यांची घरं सोडून ते म्हणाले, 'बाईस्नी इचार.'

म्हणून विचारतो. तिला ठेवून घ्याल का? जेवणाच्या तिच्या फार खोडी आहेत, पण पाठांतर चांगलं आहे.

आपला विद्यार्थी"