एकशे सदतीस टक्क्यांचे गाणे

माझे भावोजी शिलाई यंत्रे दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात माझा रक्तदाब वाढवतात. दोन्ही कामे ते सारख्याच प्रसन्न मुद्रेने करतात, ही माझी पहिली तक्रार. सत्तावीस वर्षे मी शाळेत भाषा शिकवली आहे; तक्रार कशी मांडावी हे मला कळते. म्हणून क्रमाने सांगतो.

भावोजींचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. डावीकडे तेलाच्या बुधल्या, उजवीकडे सुयांचे डबे, समोर सात-आठ आजारी यंत्रे आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर विराजमान एक अॅकॉर्डियन. ते त्यांचे नाही. वाद्यांच्या एका दुकानातून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते महिन्याच्या भाड्याने आणले आणि परत करायचे विसरले. भाडे द्यायला मात्र कधी विसरले नाहीत. त्याची तिसरी पट्टी दाबली की दाबलेलीच राहते. दुसऱ्या कोणीही ती दुरुस्त करून घेतली असती. गावभरची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांनी ती पट्टी टाळून वाजवण्याचा सराव केला.

त्या टाळाटाळीतून एक धून जन्मली. चालता चालता अडखळणारी आणि अडखळल्याचे हसू आल्यासारखी पुढे जाणारी. मी तिला आठ ओळी दिल्या. वृत्तात, यमक न ढळू देता. पुढे ती धून रेडिओने घेतली आणि दर तासाला हवामानाच्या बातमीआधी वाजवायला सुरुवात केली. केवळ धून. ‘हवामानापूर्वी शब्दांना वेळ उपलब्ध नाही’ असे मला लेखी कळवण्यात आले. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

कोणाची धून कुठे, किती वेळा वाजली याची नोंद ठेवून मानधन ज्याचे त्याला पोचवणारी एक संस्था असते. आमच्यासारख्या, पाठीशी कोणतीही मोठी कंपनी नसलेल्या लोकांना तिचाच आधार. तिच्यात गाणे नोंदवा, असे भावोजींना मीच सुचवले. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय! दोन वर्षांनी उत्तर आले, की गाण्यावर वाद असल्यामुळे कोणालाही काहीही देता येत नाही.

त्याच आठवड्यात वाद्यांच्या दुकानदाराने दुकान बंद करायला काढले. भावोजींना तो म्हणाला, “शनिवारपर्यंत विकत घ्या. नाहीतर एका शाळेच्या वाद्यवृंदाला देतो. ते ती पट्टीही नीट करून घेणार आहेत.”

ताई माझ्याकडे आली. माझी ही थोरली बहीण सहसा तक्रार करत नाही; ते खाते घरात माझ्याकडे आहे.

“अरे, हे वाजवतच नाहीत,” ती म्हणाली. “नुसते त्या पट्टीकडे बघत बसतात. पट्टी नीट झाली तर ते वाद्य आपल्याला ओळखणार नाही, म्हणतात. तू काहीतरी कर. एवढे अर्ज लिहितोस जन्मभर, एखादा उपयोगाचा लिही.”

गुरुवारी आम्ही तिघे संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो. दावे तपासणाऱ्या बाईंनी आमची शनिवारची अडचण ऐकून घेतली आणि फाईल उघडली.

“या गाण्याला सहा वाटेकरी आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि सगळ्यांचे मिळून होतात एकशे सदतीस टक्के.”

“बरेच झाले की!” भावोजी कौतुकाने म्हणाले.

“काका, गाणं शंभरच्या वर नसतं.”

मग उलगडा झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा भावोजींचा स्वभाव. पण येथे त्यांनी जिभेला सहीचीही जोड दिली होती. ‘मधला भाग जरा सावकाश घ्या’ म्हणणाऱ्या लाँड्रीवाल्याला वीस टक्के. ध्वनिमुद्रण करून देणाऱ्याला पंचवीस. त्या वेळी मिक्सर बंद ठेवला म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंना पंधरा. ज्याच्या सायकलची घंटी चुकून मुद्रित झाली आणि बरी वाटली म्हणून ठेवली, त्या पोस्टमनला दहा. शब्दांसाठी मला पन्नास. स्वतःला सतरा, कारण तो आकडा त्यांना आवडतो.

“कोणीच खोटं बोललेलं नाही,” बाई म्हणाल्या. “प्रत्येकाकडे यांच्या सहीची चिठ्ठी आहे. तीच तर पंचाईत आहे. सगळ्यांनी मिळून शंभराच्या एका वाटणीपत्रावर सही केली, की गाणं मोकळं.”

शुक्रवारी सहाही वाटेकरी त्या कार्यालयातील बाकावर दाटीवाटीने बसले. ताई समोर उभी राहिली.

“माझे सतरा काढून टाका,” भावोजींनी सुरुवात केली.

“तरी एकशे वीस राहतात,” बाई म्हणाल्या.

“मग मीच काही देणं लागतो का?”

“मिक्सर बंद होता म्हणून घरची मंडळी तीन वाजेपर्यंत उपाशी होती,” काकू म्हणाल्या. “पंधरा काही जास्त नाहीत.”

“घंटी काढून ऐका धून. नुसता सांगाडा राहतो,” पोस्टमन म्हणाला.

लाँड्रीवाला माझ्याकडे वळला. “मास्तर, तुमचे पन्नास कशाचे?”

“शब्दांचे.”

“कुठल्या शब्दांचे?”

“या गाण्याला शब्द आहेत?” पोस्टमनने विचारले. त्याच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, हेच अधिक वाईट. मी उत्तर तयार करत होतो. त्यात ‘खेदाने नमूद करावेसे वाटते’ हे येणारच होते.

तेवढ्यात भावोजींनी मांडीवर बोटे ठेवली आणि गायला सुरुवात केली. आठही ओळी. एक अक्षर इकडचे तिकडे नाही. तिसऱ्या ओळीत मी एक विराम घातला होता आणि तो कोणाच्याच लक्षात आला नाही, याचे मला दोन वर्षे दुःख होते. त्या जागी त्यांचे मधले बोट मांडीवर उचलून धरलेले राहिले, जणू अडकणारी पट्टी तिथेही होती. तो विराम नसता तर धून त्या जागी कोसळली असती. हे मलाच ठाऊक नव्हते, त्यांना होते.

“छान आहेत हो शब्द,” पोस्टमन म्हणाला. “रेडिओवाले का लावत नाहीत?”

ताई पुढे आली. तिने माझ्यासमोर पेन धरले.

मी पन्नासावर काट मारून तेरा लिहिले. यात कोणी औदार्य शोधू नये. सदतीस वजा करता येतील एवढा मोठा आकडा माझ्या एकट्याकडेच होता. भावोजींचे सतरा मी त्यांना काढू दिले नाहीत आणि माझ्या नावातील र्‍हस्व-दीर्घ बाईंकडून दोनदा तपासून घेतले.

सहा सह्या झाल्या. “उद्या सकाळी पैसे जमा होतील,” बाई म्हणाल्या. “वाद्याचं भागेल. आणि काका, एक विनंती. आता कोणाला काही कबूल करू नका.”

“छे छे!” भावोजी म्हणाले.

आम्ही तिघे लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्टमनने दार ओढले, बटण दाबले आणि भिंतीकडे बघत तीच धून गुणगुणायला लागला.

“हवामानाची,” तो ताईला म्हणाला. “चांगली आहे, पण शेवट जरा वर न्यायला हवा. असा.” आणि त्याने नेऊन दाखवला. दुर्दैवाने तो चांगला होता.

भावोजींचा चेहरा उजळला. “वा! अहो, तुम्हाला तर—”

तळमजला येईपर्यंत मी त्यांच्या तोंडावरचा हात काढला नाही.