सखुबाईचे पाटे

चौलच्या नाक्यावर रामचंद्र लोहाराची भट्टी होती आणि त्या भट्टीत घण सखुबाई मारत असे. यात नवल काही नाही. लोहाराघरी हे बाईचंच काम. नवरा ऐरणीपुढे बसतो, सांडशीत लोखंड धरतो, हातोडीनं टकटक करून जागा दाखवतो. बायको उभी राहून नेमक्या त्या जागी घण घालते. घाम दोघांचा, नाव बसणाऱ्याचं. कोयता रामचंद्राचा, विळा रामचंद्राचा. आणखी एक रीत होती. घण मारणाऱ्यानं भट्टीपुढे तोंड उघडायचं नाही. पंचवीस वर्षं सखुबाईनं ती पाळली. बाहेर मात्र तिची जीभ कोयत्याहून तिखट होती, हेही सांगून टाकलेलं बरं.

शेवटची दोन वर्षं त्या भट्टीत एक लबाडी चालली होती. रामचंद्राच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुंबईला जाऊन काढून घे म्हटलं की तो विषय बदली. स्पष्टच बोलायचं तर सुरीला भीत होता. लोहाराला डोळा हवा तो तापल्या लोखंडाचा रंग ओळखायला. तो रंग आता सखुबाई बघे आणि वेळ झाली की हळूच खाकरे. त्या खाकरण्यावर रामचंद्र लोखंड भट्टीतून ओढी आणि पाण्यात बुडवी. गावाला पत्ता नव्हता. कळला असता तर गिऱ्हाईक सरळ अलिबागला गेलं असतं, कारण बाईच्या नजरेवर कोयता घेणारा माणूस तेव्हा चौलात नव्हता.

चोपन्न साली फकरुद्दीन आपली मोटार घेऊन भट्टीवर आला. मुंबईत आठ वर्षं टॅक्सी चालवून त्यानं ही जुनी शेव्हरलेट घेतली होती आणि रेवदंड्याहून रेवसच्या मुंबईला जाणाऱ्या लाँचला तो उतारू पोचवी. गाडी पळायची झकास. वेगाचा त्याला सोस होता, आणि रस्त्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. म्हणून त्यानं मुंबईहून जाड, खोल नक्षीची नवी टायरं आणवली. वाळूत, चिखलात ती धरून चालत, वळणावर गाडी घसरत नसे. पण मागच्या चाकांवर गाडी तोलणारे, जुडीनं बांधलेले पोलादी पाटे जुने, बसलेले. सहा माणसं आणि कांद्याच्या दोन गोण्या चढल्या की गाडी खाली दबे आणि ती देखणी टायरं मडगार्डाला घासत. नागावच्या ओढ्यावरच्या मोरीवर तर असा कर्रकन आवाज येई की बायका देवाचं नाव घेत. मुंबईचे नवे पाटे यायला दोन महिने लागणार होते. फकरुद्दीननं मोडीतल्या ट्रकचे दोन पाटे पैदा केले होते. ते कापून, बाक देऊन, जुडीत एकेक वाढवून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

रामचंद्रानं काम घेतलं. सखुबाईचा बाप पेणला टांग्यांच्या कमानी, म्हणजे असलेच पाटे, करी. तापल्या कमानीला पाणी पाजायचं नसतं, त्यानं ती ठिसूळ होते, तेल पाजायचं, हे ती परकरात असल्यापासून जाणून होती. रामचंद्रानं मात्र जन्मभर कोयते केलेले. त्यानं लाल पाटा सवयीनं पाण्याच्या कुंडीकडे नेला. सखुबाईच्या ओठापर्यंत शब्द आला होता. ती नुसती खाकरली. त्याला वाटलं, घाई कर म्हणते आहे.

पाटा चर्रर्र करून निवला. फकरुद्दीननं हौसेनं उचलून ऐरणीवर जरा आपटला, तर पापडासारखे दोन तुकडे. एक त्याच्या हातात राहिला, दुसरा रामचंद्राच्या पायाशी पडला. आणि रामचंद्र तो उचलायला वाकला तो भलत्याच बाजूला, जमीन चाचपत.

फकरुद्दीननं ते पाहिलं. दोन वर्षांची लबाडी त्या चाचपणाऱ्या हातानं उघडी केली.

तो पाटे उचलून निघालाच होता. सखुबाईनं घण खाली ठेवला आणि भट्टीपुढे पहिल्यांदा बोलली.

"फकरू, थांब. दोन वरसं रंग मीच बगते. तुज्या घरातला कोयता, तुज्या आयशीचा विळा, समदं माज्या नजरंचं हाय. आता चुकले ती गप ऱ्हायले म्हनून. ह्याला तेल पायजे."

"काकी, कोयता न् मोटार येक न्हाय," फकरुद्दीन म्हणाला. "कोयता मोडला तर फांदी ऱ्हाते. पाटा मोडला तर आठ मानसं मोरीखाली."

सखुबाईला राग आला नाही. बोलणं खरंच होतं. उरलेल्या लोखंडात दोन पाटे जेमतेम निघतात, तेवढे करून देते, मग पारख कर, असं ती म्हणाली. फकरुद्दीननं मान खाजवली. मग म्हणाला, "हातोडा तुमचा, तर पयली शीट पन तुमची. मागच्या बाजूला, बरोबर पाट्यांवर."

"बसते की," सखुबाई म्हणाली. "मोडलं तर मीपन मोडंन."

रेवदंड्याच्या कोळ्यांकडून मुशी माशाच्या तेलाचा डबा आला. होडीला चोपडायचं ते तेल. त्याच्या वासानं शेजारची वेणूबाई दार लावून बसली. सखुबाई ऐरणीपुढे बसली. रामचंद्र उठून उभा राहिला आणि त्यानं घण उचलला. खरं तर त्याला अपमान वाटायला हवा होता. पण त्यानं फक्त एवढंच विचारलं, की टकटक जरा मोठ्यानं करशील ना. पंचवीस वर्षं तिनं त्याच्या आवाजावर घण घातला होता. आता तिच्या आवाजावर तो घालू लागला, आणि एकही घाव चुकला नाही.

पाटा पिकल्या सुपारीच्या रंगाचा झाला तशी तिनं तो तेलात सोडला. नंतर पुन्हा निखाऱ्यावर धरून अंगावरचं तेल पेटू दिलं, जळू दिलं. असं तीन वेळा. बाप असंच करी. निवलेला पाटा दोन दगडांवर ठेवून ती स्वतः त्यावर उभी राहिली आणि नाचली. पाटा दबला, उठला. वेणूबाईनं दार किलकिलं करून विचारलं, लगीन कुणाचं आहे.

सोमवारी सकाळी गाडी भरली. सात उतारू, कांद्याच्या दोन गोण्या, सुपारीचं पोतं आणि मागे सखुबाई, इरकली लुगडं नेसून, दोन्ही हातांनी पुढची शीट धरून. मोटारीत ती जन्मात पहिल्यांदा बसत होती. नागाव जवळ आलं तसा फकरुद्दीननं वेग कमी केला. मागून तिचा आवाज आला.

"कमी कशापायी करतस? रोज कमी करनार हायस?"

त्यानं दात आवळले आणि होता तोच वेग ठेवला. मोरीच्या खड्ड्यात गाडी धप्पकन उतरली. आणि ती एकदाच, लाटेवरच्या होडीसारखी, वर आली. घासल्याचा आवाज नाही. नवी टायरं रस्ता धरून पुढे निघाली. फकरुद्दीननं मागे वळून पाहिलं नाही. फक्त अलिबाग मागे टाकून चोंढीच्या वळणावर त्यानं मुद्दाम वेग वाढवला, आणि सखुबाई, सगळ्या गाडीत एकटी, हसली.

रेवसला ते लाँचच्या वीस मिनिटं आधी पोचले. टांगेवाले गाडीभोवती जमले, वाकून वाकून चाक आणि मडगार्ड यांतली फट बघू लागले. मुंबईचं काम का, कुणीतरी विचारलं. फकरुद्दीनला हो म्हणता आलं असतं. टांगेवाल्यांपुढे त्यात मोठेपणा होता.

"चौलचं," तो म्हणाला. "सखुबायचं. ही काय बसलीय, विचारा तिलाच."

तीन दिवसांनी रेवसचा एक टांगेवाला मोडकी कमान घेऊन चौलला आला. भट्टीपुढे दोघं होती. एक बसलेलं, एक घण घेऊन उभं. रीत त्याला माहीत होती. लोखंड बसणाऱ्याच्या हातात द्यायचं असतं. तो क्षणभर घुटमळला, रामचंद्राकडे बघून त्यानं मान हलवली, आणि वाकून कमान सखुबाईच्या हातात दिली.

तिनं ती उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाली, "कुनी केली ही? पानी पाजलंनीत हिला."

रामचंद्र मोठ्यानं हसला आणि घण खांद्यावर घेतला.