लाल स्वेटरातली बाई

हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, नंदीच्या कानातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वीची मी म्हणजे एक ध्यान होते. साठी उलटलेली, हातात लेकानं दिलेला नवा मोबाइल, आणि अख्ख्या माकणी गावात माझ्याएवढं फेसबुक कुणाला येत नाही हा तोरा. भाकरी फुगली तरी फोटो. मग केदारनाथला निघाल्यावर काय विचारता — पिशवी भरतानाचाही टाकला होता.

सोबत धाकटी जाऊ, कलावती. सोलापूरच्या त्या यात्रेच्या बसमध्ये आमच्या गावच्या आम्ही दोघीच. गौरीकुंडाहून पुढं चालायचं, नाहीतर खेचरावर बसायचं. मी खेचर पाहिलं, बाजूची दरी पाहिली, आणि — खरं सांगू? — भ्याले. गुडघा दुखतो म्हणाले, खाली लॉजवरच राहिले. गुडघा ठणठणीत होता.

कलावती एकटी चालत गेली. तिला माझा लाल स्वेटर दिला, कानटोपी दिली, देवळाचा फोटो आण म्हणून फोनही दिला. दुसऱ्या दिवशी ती परतली. फोनमध्ये देवळापुढं हात जोडलेली बाई — कुणा यात्रेकरूनं काढलेली — लाल स्वेटर, कानटोपी, दिसतात ते नुसते डोळे.

मी तो फोटो फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, "पोचले एकदाची." चुकून झालं म्हणू? चष्मा लावून, नीट बघून टाकला.

एवढ्यावर थांबले असते तर... पण नाही. गावी मावंदं घातलं, यात्रा पार पडल्याचं जेवण. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायची आपल्याकडं रीत, आणि पाटावर मी एकटीच. कलावतीचा गुडघा धरला, ती खालीच राहिली — असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. माझा खोटा गुडघासुद्धा तिलाच देऊन टाकला. आणि माझ्या पायांवर पाणी घालायला कोण? तीच.

ते पाणी बायकांनी डोळ्यांना लावलं. कुणी तरी विचारलं, वर कसं असतंय? मी काय सांगणार — लॉजवरच्या मॅगीची चव? तेव्हा माझे पाय पुसता पुसता कलावती म्हणाली, "अक्का, तिथली फरशी लई गार हाय म्हणत हुता न्हवं तुमी? पाय ठिवला की कळ मस्तकात जाती."

मी मान हलवली. बायकांनी हात जोडले.

आता हसू येतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती वर असताना मी खिडकीशी बसले होते. खाली नदी, हातात चहा. जन्मात पहिल्यांदा दिवसभर मला कुणी काही मागितलं नाही. इतकी सुखात मी कधी नव्हते. फोन हाताशी असता तरी त्याचा फोटो काढला असता का? तो आनंद मला दाखवण्याजोगा वाटलाच नाही. म्हणून तिचा उचलला.

कलावतीनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, मलासुद्धा नाही. अजून रोज दुपारी माझ्यासाठी चहा टाकते, आलं घालून. अशी माणसं मिळायला मी काय केलं होतं, देव जाणे.

फोटो अजून तिथंच आहे. आज सकाळी त्याच्याखाली लिहिलं — ही माझी जाऊ कलावती. वर ती गेली. मी गेले नाही.