लाखी की गुलदार

धुळ्याच्या देवपुरात पांझरेच्या काठी टांग्यांचा अड्डा होता. तिथे संध्याकाळी टांगे सुटले, घोड्यांच्या तोंडाला तोबरे लागले, की माणसांची तोंडं सुटायची. भाववाढ, निवडणुका, कुणाची पोरगी कुठे दिली, सगळं निघायचं. पण दिवाळी सरली की एकच विषय. तापीकाठच्या जत्रेत उड्यांची शर्यत व्हायची. पऱ्हाट्यांचे कूड, मातीचा बांध आणि शेवटी पाण्याने भरलेला चर, हे सगळं ओलांडून पहिला येईल तो घोडा वर्षभर खानदेशात मिरवायचा. तेव्हा यंदा तयारीत असलेल्या घोड्यांत भारी कोण, यावर अड्ड्यावर गळ्याच्या शिरा ताणून वाद चालायचे.

वाद हातघाईवर आला की कुणीतरी म्हणायचं, "चुडामणभाऊले इचारा."

चुडामण पूर्वी एका संस्थानाच्या पागेत चाबूकस्वार होता. कोवळी घोडी हाताखाली घ्यायची, त्यांना लगाम शिकवायचा, उडी शिकवायची, हे त्याचं काम. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडी लिलावात गेली. त्याआधीच एका पडण्यात त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. बायको ताईबाईला घेऊन तो धुळ्याला आला आणि टांगा हाकू लागला. अड्ड्यावर मात्र त्याचा शब्द चाले. कुणाच्या घोड्याची तो उगाच तारीफ करत नसे, आणि आपण तशी करत नाही याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

धरणगावच्या रुपचंदशेठची कापसाची जिनिंग होती आणि देवपुरात बंगला होता. त्यांनी एक पांढऱ्यावर करडे ठिपके असलेला घोडा आणला, त्याचं नाव गुलदार. चुडामणचं नाव ऐकून त्यांनी त्याला बोलावलं आणि घोडा त्याच्या हवाली केला. स्वार म्हणून छगन नावाचा हलक्या अंगाचा गडी ठेवला. चुडामणने टांगा विकून टाकला. त्या दिवशी ताईबाई म्हणाली, "किती वरीसमा तुमना चेहरावर हासू दिसनं."

वर्षभर त्याने गुलदारवर जीव टाकला. पहाटे खरारा, मग नदीच्या वाळूत चाल, मग कूड. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. घोडा धीट होता, पण त्याला एक खोड होती. उडी घेण्याआधी तो अर्धं पाऊल थबकायचा, कान पुढे करून पलीकडे बघायचा आणि मगच उठायचा. चुडामणने ती मोडायचा प्रयत्न केला नाही. "बघी लेऊ दे त्याले," असं तो छगनला सांगायचा. पण मनात त्याला ते सलायचं. कारण नदीपलीकडे अभिमन पाटलांची लाखी नावाची घोडी तयार होत होती आणि ती थबकत नव्हती. लांबून, भर वेगात उठायची, पुढचे पाय पोटाशी घ्यायची आणि पाखरासारखी उतरायची. चुडामण कधीकधी नुसता तिला बघायला जाऊन उभा राहायचा.

जत्रा जवळ आली. एका संध्याकाळी रुपचंदशेठ मुंबईचे पाहुणे घेऊन मोटारीतून अड्ड्यापाशी उतरले. सुकदेव टांगेवाला तेव्हा तावातावाने लाखीची बाजू मांडत होता. शेठ हसले.

"कशाला भांडता रे? आमचा चुडामण आहे ना इथे. सांग बाबा यांना, यंदा सगळ्यांत चांगला घोडा कोणता?"

चुडामण उठून उभा राहिला. त्याला खोटं बोलता आलं असतं. नुसतं हसता आलं असतं, तरी चाललं असतं. पण एवढी माणसं कान देऊन उभी होती, आणि आपण पडलो खऱ्याचे माणूस.

"शेठ," तो म्हणाला, "गुलदार चांगला आहे. पण भारी म्हणाल तर पाटलांची लाखी."

सुकदेवने मांडीवर थाप मारली. पाहुणे हसले. शेठही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुडामण बंगल्यावर गेला तेव्हा तबेल्याच्या दारात छगन उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "शेठनी सांगितलंय, आजपासून घोड्याला हात लावायचा नाही. ज्याचा आपल्या घोड्यावर विश्वास नाही, तो माणूस नको म्हणाले." आत गुलदारने पावलं ओळखून खूर आपटले. चुडामण तसाच मागे फिरला.

ताईबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गुलदारनं नाव लिधं व्हतं तर कोणी मारी टाकतं का?"



तरी शर्यतीला तो गेला. गर्दीत, चराजवळ जाऊन उभा राहिला. कूड झाले, बांध झाला. लाखी सगळ्यांच्या पुढे होती, गुलदार तिच्या मागे. चरापलीकडची जमीन आदल्या दिवसापासूनच्या सरावात पाणी उडून उडून निसरडी झाली होती. लाखी नेहमीसारखी लांबून, भर वेगात उठली, पलीकडे उतरली आणि तिचे पुढचे पाय सरकले. घोडी गुडघ्यांवर आली, स्वार चिखलात. मागून गुलदार आला, थबकला, कान पुढे केले, चिखल बघितला आणि कडेच्या कोरड्या तुकड्यावर अलगद उतरून निघून गेला.

वर्षभर जी खोड म्हणून त्याला सलत होती, ती घोड्याची अक्कल होती. ती त्यानेच जपली होती, आणि त्यालाच ओळखू आली नव्हती. दुसऱ्याच्या घोडीचे गुण तो नदी ओलांडून बघायला गेला. हाताखालच्या घोड्याकडे मात्र त्याने नेहमी उणं शोधण्यासाठीच पाहिलं.

शेठनी छगनला फेटा बांधला. गुलाल उधळला. कुणीतरी चुडामणला ओळखून ओरडलं, "काय भाऊ, लाखी ना?" आणि भोवतालची माणसं खदखदून हसली.

घोडा धरणगावला गेला. चुडामण दुसऱ्याचा टांगा रोजावर हाकू लागला. अड्ड्यावर आता कुणी त्याला विचारत नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता शेठची मोटार त्याच्या दाराशी आली. घोडा उडी घेत नाही, चल, असं शेठ म्हणाले. तो गेला. गुलदार त्याला बघून खिंकाळला नाही, मान खाली घालून उभा राहिला. त्याने जबडा उघडून पाहिला. लगामाने तोंडाचे कोपरे फाटून परत भरले होते. मागच्या पुठ्ठ्यावर वळ होते. वेळ वाचवायला म्हणून छगनने त्याचं थबकणं चाबकाने मोडून काढलं होतं. चुडामणने त्याला हाताने धरून गुडघ्याएवढ्या कुडापाशी नेलं. घोडा थरथरायला लागला आणि त्याला घाम फुटला.

"शेठ, याला वर्षभर नुसता चरू द्या. मी राहतो इथे. पगार नको."

"जत्रा तोंडावर आलीय, चुडामण. वर्षभर बसून खाऊ घालायला मी काय पांजरपोळ काढलाय?"

त्याच जत्रेच्या बाजारात गुलदार विकला गेला. घेणारा व्यापारी कुठला, पुढे घोडा कुठे गेला, ते कळलं नाही. चुडामण बाजारात पोचला तेव्हा खुंटा मोकळा होता.

ही बातमी अड्ड्यावर आली तसा सुकदेव स्वतः उठून चुडामणजवळ आला. "भाऊ, आम्हीन तुमले हासनूत. पण तुमनंच खरं व्हतं. गुलदारमा काही दम नव्हता. एक डाव नशिबानं निंघी गया. लाखीच भारी."

"नही रे," चुडामण म्हणाला. "मीच चुकनू. सगळास्मा भारी गुलदारच व्हता. त्याले मारी मारी खराब कया."

"आते कसाले लाजतस? पारख तुमनीच खरी," सुकदेव म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. चुडामण पुन्हा सांगायला लागला, अर्ध्या पावलाचं, चिखलाचं, त्या कोरड्या तुकड्याचं. त्याचा आवाज चढला. पण चहा आला होता, आणि माणसं एव्हाना यंदाच्या घोड्यांवर आली होती.

त्याची पारख पुन्हा चालू लागली. लांबलांबचे शौकीन येऊन विचारायचे, "भाऊ, औंदा भारी घोडा कोणता?"

तो टांग्याच्या दांडीवर बसल्या जागी विचारायचा, "तुना कोणता शे?"

समोरचा नाव सांगायचा.

"मंग तोच," चुडामण म्हणायचा आणि लगाम झटकायचा.