काकांची इलिनॉयमधली शेती

ढेकूळही न फोडता, बैल न पाळता आणि कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं शेती करणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच झाला असेल, आणि तो इलिनॉयमधल्या शॉमबर्गला आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. शेती म्हणजे एक चित्र. सोफ्याच्या वर, भिंतभर. काका लग्नाआधी एकटे राहत असताना एका शेतावरच्या घरातलं सामान विकलं जात होतं, तिथे खुर्च्या घ्यायला म्हणून गेले आणि खुर्च्यांऐवजी हे घेऊन आले. कोपऱ्यात चित्रकाराची सही होती, पण ती कुणालाच वाचता येत नसे. गुरांचा बार्न म्हणजे एक लाल त्रिकोण, धान्याची टाकी म्हणजे उभी पांढरी नळी, मक्याचं शेत म्हणजे पिवळे पट्टे, आणि आभाळ तर कुणी निळी काच फोडून तुकडे चिकटवावेत तसं. माणूस औषधालासुद्धा नाही. मी लग्न होऊन नवीनच आले होते. पहिल्यांदा वर गेले तेव्हा काकांनी बसा म्हणायच्या आधी मला स्वयंपाकघराच्या दारात नेऊन उभं केलं. जवळून पाहिलं तर नुसते रंग दिसतात, इथून शेत दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मला तिथूनही रंगच दिसले, पण काकूंनी मागून मान हलवून खूण केली, तेव्हा मी "छान आहे" म्हणाले आणि चहा मिळाला.

भारतात पत्र लिहिताना काका सरळ "आमची इलिनॉयमधली शेती" असंच लिहीत. ही त्यांची गंमत होती, पण अमरावतीच्या चुलतभावाला ती कळली नाही. त्याने येणाऱ्या माणसाबरोबर चांगली दोन किलो तूर पाठवली, बियाण्याची. काकूंनी तिचं वरण केलं आणि काकांनी उत्तर धाडलं की तूर इथे उत्तम लागली. गाडीतून कुठे निघालं की त्यांचं आणखी वेगळं. रस्त्याकडेला बार्न दिसला की गाडी थांबायची. एकदा आम्ही सगळे गणपतीच्या कार्यक्रमाला निघालो होतो. मांडीवर मोदकांचे डबे, आणि काका कुंपणाशी उभे राहून एका बार्नचा उतार डोळ्यांनी मोजताहेत. त्यांची शाळेत जाणारी मुलगी खिडकीतून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ बार्न." काका शांतपणे म्हणाले, "चित्र होईपर्यंत सगळं जस्टच असतं." आम्ही पोचलो तोवर आरती होऊन गेली होती.

काकूंचा त्या चित्रावर जन्माचा राग आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या त्याला "तो त्रिकोण" म्हणत. धूळ पुसताना पुटपुटत. पुढे काकांची दूरच्या सनीव्हेलला बदली झाली आणि तिथल्या लहानशा अपार्टमेंटमध्ये एवढी मोठी भिंतच नाही असं कळलं, तेव्हा चित्र विकायचं हे कुणी न बोलताच ठरलं. काकांनी पेपरात जाहिरात दिली आणि मग विकायला काढलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक कसं परतवावं, याचे धडे आम्हाला घरबसल्या मिळाले. एकाने नुसती फ्रेम देता का विचारलं, त्याला जिन्यापर्यंत सोडून आले. एक जोडपं मोजायची टेप घेऊन आलं होतं. काकांनी त्यांना दारात उभं करून काय दिसतं विचारलं. आमच्या गालिच्याला शोभेल, असं ती बाई म्हणाली. चित्र कालच गेलं, असं काकांनी त्यांना सांगितलं. चित्र समोर भिंतीवर होतं.

मग एका रविवारी निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आल्या. मी काकूंना भांडी बांधायला मदत करत होते. बाई न सांगताच स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या आणि चित्र बघत राहिल्या. मग म्हणाल्या, यात माणूस नाही, तरी कुणी सोडून गेलंय असं वाटत नाही. आत कुणीतरी जेवायला बसलं असेल. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी स्वतः चहा केला, मग सोफा ओढून त्यावर चढले आणि चित्र खाली उतरवलं. भिंतीवर फिकट चौकोन उरला.

काकू हातातला डबा तसाच धरून बाहेर आल्या. त्या बाईंना आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी. नॉट फॉर सेल." काका गोंधळले. तुलाच तर नको होतं, असं काहीतरी म्हणू लागले. तेव्हा काकू मराठीत, अगदी हळू बोलल्या, "तुम्ही ऑफिसला जायचात. पहिला हिवाळा मी या घरात कुणाशी बोलत होते, विचारलंत कधी? समोर हेच होतं. त्या बार्नमध्ये मी माणसं बसवली होती. त्यांची नावंसुद्धा ठेवली होती."

काका सोफ्याच्या कडेला बसले. त्या बाईंना मराठीचा शब्द कळला नसेल, पण त्यांनी उठून काकूंचा हात हातात घेतला आणि उरलेला चहा पिऊन गेल्या. दार लागल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "नावं काय होती?" मी भांडी तशीच टाकून खाली आले.

काही वर्षांनी आम्ही सनीव्हेलला त्यांच्याकडे गेलो. चित्र झोपायच्या खोलीत होतं आणि त्याने अर्धी खिडकी झाकली होती. काका थकले होते, बोलणं कमी झालं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, आपल्या शॉमबर्गच्या अपार्टमेंटमागे मक्याचं शेत होतं, ते कसं आहे. तिथे आता ऑफिसं झाली होती आणि गाड्या लावायचं मोठं आवार. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "यंदा मका छान आलाय, काका."

ते समाधानाने मागे टेकले. काकूंनी माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला.